मिरचीच्या आधीचं पान, १६९४ चा पंच: घरच्या घरी इतिहासाची पंगत

उपासाचं ताट एकदा नीट बघा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, रताळ्याच्या गोड फोडी, आणि सगळ्यात हिरवी मिरची. आपल्याकडे सगळ्यात सोवळं मानलेलं हे ताट जवळपास अख्खंच्या अख्खं अमेरिका खंडातलं आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला, आणि पुढच्या काळात त्यांच्या जहाजांतून, त्यांनी उघडलेल्या वाटांवरून ही मंडळी इकडे आली. मिरची लवकर रुळली, बटाट्याला बराच वेळ लागला. हे वाचून आपण "असं होय" म्हणतो आणि खिचडी संपवतो. पण एका संध्याकाळी ही सगळी नावं स्वयंपाकघरातून हद्दपार करून सहा माणसांचा स्वयंपाक करायला घेतला, की केवढी उलथापालथ झाली असेल ते फोडणीपासूनच कळायला लागतं.

तशाच एका संध्याकाळीचा हा आराखडा. पानावर अमेरिकेतलं काहीही नाही, सोबत मुंबईचा सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा पंच, म्हणजे दारू, साखर आणि लिंबाचं पेय, आणि शेवटच्या पेल्यात अमेरिकेचं आगमन. फार खर्च नाही, विशेष भांडी लागत नाहीत. लागते ती दोन दिवसांची तयारी आणि थोडा हट्ट.

एकच प्रश्न धरा

नवखे लोक ‘पेशवाई भोजन’ किंवा ‘राजेशाही थाट’ असं काहीतरी ठरवतात आणि मग पगड्या, ढोल, पैठणीचे रुमाल यांच्या मागे लागतात. ताटात मात्र पनीर. त्यापेक्षा एक छोटा, नेमका प्रश्न घ्या. आपला प्रश्न असा: मिरची यायच्या आधी आपल्याकडे तिखट कशानं करत होते?

उत्तर शोधायला आधार आहेत. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ११३० च्या आसपासचा. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर. त्यातल्या ‘अन्नभोग’ या भागात मांडे आहेत, वडे आहेत, आणि उडदाच्या पिठाच्या ‘इडरिका’ आहेत. त्यांना मिरपूड, जिरं, हिंग लावलेलं. तिकडे अकबराच्या दरबारात १५९० च्या सुमारास लिहिलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’तल्या पाककृतींतही मिरीच आहे, मिरची नाही. पुढचा काळ हवा असेल तर रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ (१८७५) आणि लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ (१९१०) ही जुनी मराठी पुस्तकं चाळा. जुन्या पुस्तकांत शेर, पावशेर, तोळा, मासा अशी मापं भेटतील. तोळा साधारण ११.६६ ग्रॅमचा, पण शेर गावोगाव वेगळा होता. म्हणून वजनाच्या मागे न लागता जिन्नसांचं एकमेकांशी प्रमाण किती आहे ते बघा.

आणि एक गोष्ट आधीच मान्य करून टाका: पंधराव्या शतकातलं जेवण तंतोतंत उभं राहणार नाही. आपली वांगी वेगळी, तांदूळ वेगळा, चूल तर नाहीच. आपण फक्त काही गोष्टी काढून टाकतोय.

काय काढायचं

हिरवी-लाल मिरची आणि ढोबळी मिरची. टोमॅटो, बटाटा, रताळं, लाल भोपळा, मका. शेंगदाणे, काजू, साबुदाणा. फरसबी आणि राजमा. फळांत पेरू, पपई, अननस, चिकू. सीताफळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, तेव्हा तेही राहू द्या. खरी गंमत तेलाशी येते, कारण शेंगदाणा आणि सूर्यफूल दोन्ही अमेरिकेतले. तीळ, खोबरेल किंवा करडईचं तेल आणा, नाहीतर सरळ तूप वापरा.

चोरपावलांनी येणाऱ्या मिरचीवर लक्ष ठेवा. विकतचा गोडा मसाला, पापड, लोणचं, अगदी मठ्ठ्याचा तयार मसाला, सगळ्यात ती असते. पुडीच्या मागची बारीक अक्षरं वाचा किंवा घरी कुटा. श्रीखंडावर सवयीनं काजू पेरायला जाल, तिथेही हात आवरा. चारोळी आहे की.

आता काय उरलं? खूप काही. तांदूळ, ज्वारी, गहू, सगळ्या डाळी, कुळीथ, वांगी, पडवळ, दोडका, कोहळा, सुरण, अळू, मुळा, केळफूल, फणस, नारळ, तीळ, चिंच, आमसूल, कैरी, दही, गूळ. आणि तिखटासाठी मिरी, पिंपळी, आलं, मोहरी. कोकणातले असाल तर तिरफळ. पिंपळी वाण्याकडे नसते, काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. दिसायला बारीक, काळपट तुऱ्यासारखी. आधी गोडसर लागते आणि मग जिभेवर हळूहळू चढते. सहा माणसांच्या आमटीला दोन पुरतात.

स्वयंपाक

पहिल्या खेपेला दहा पदार्थ करू नका. भात, वरण, तूप हे गृहीत धरून आणखी पाच करा: उडदाचे मिरी घातलेले वडे, आमसुलाची आमटी, वांग्याचं भरीत, सुरणाचे काप आणि श्रीखंड. वेळ उरलाच तर काकडीची कोशिंबीर, दाण्याच्या कुटाऐवजी तिळाचं कूट घालून. अळूची भाजी करणार असाल तर दाणे वगळून हरभऱ्याची डाळ आणि मुळ्याच्या चकत्या घाला. काहीही कमी झाल्यासारखं वाटत नाही.

आमटी सोपी आहे. एक वाटी तूरडाळ शिजवून घोटा, त्यात पाच-सहा आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ आणि किसलेलं आलं घालून उकळा. तुपात जिरं, हिंग, कढीपत्त्याची फोडणी. चमचाभर मिरी आणि दोन पिंपळ्या जाडसर कुटून अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या आधी घाला. मिरी आधीपासून उकळत ठेवली की तिचा वास उडतो आणि उरतो तो नुसता कडसर तिखटपणा. मिरचीच्या सवयीनं फोडणीत घालाल, म्हणून मुद्दाम सांगतो.

सुरणाच्या पातळ कापांना आधी चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवा, म्हणजे खाज सुटणार नाही. मग मीठ, हळद, मिरपूड, वर तांदळाचं पीठ, आणि तव्यावर खोबरेल तेलात खरपूस.

भरीत मात्र सावकाश करायचं, कारण या पानावरचा सगळ्यात बोलका पदार्थ तोच. वांगं आचेवर भाजा, सोला, सुरीनं चिरून घ्या, मिक्सर नको. आता मोहरी फेसायची. आजीच्या पिढीत घरोघरी होणारं हे काम आता जवळजवळ गेलंच आहे. दोन चमचे बारीक मोहरी खलात कोरडी कुटा. चिमूटभर मीठ आणि हळद घाला, मग चमचा-चमचा गार पाणी घालत बत्त्यानं एकाच दिशेनं घोटत राहा. आधी काळपट, खरबरीत चिखल दिसतो आणि कडू वास येतो. घाबरू नका. पाचेक मिनिटांत रंग फिकट पिवळा होतो, कडेनं बारीक फेस धरतो, आणि खलावर वाकलात की नाकातून थेट कपाळात झिणझिणी जाते. तिथे थांबा. मोहरीचा हा झणका पाणी लागल्यावरच तयार होतो आणि उष्णतेनं मरतो. म्हणून पाणी गारच हवं, आणि वांगंही पूर्ण निवलेलं हवं. झणका फार वेळ टिकतही नाही, आंबटाशी गाठ पडली तर थोडा जास्त टिकतो. तेव्हा फेसलेली मोहरी लगेच वाटीभर दह्यात मिसळा, त्यात वांगं, किसलेलं आलं, मीठ आणि वर हिंगाची तुपातली फोडणी, तीही गार करून. वाढायच्या आधी अर्ध्या तासात हे सगळं करा, सकाळी करून ठेवू नका.

मासे खाणारी मंडळी असतील तर बांगड्याचं सार घ्या: ओला नारळ, मिरी, हळद यांचं वाटण, आमसूल, आणि शेवटी हलकी ठेचलेली, बिया काढलेली तिरफळं. वाटणात लाल मिरची नसल्यामुळे रंग हळदीचा येतो. पाहुणे बिचकतील, खाल्ल्यावर गप्प होतील.

पान मांडताना

केळीचं पान पुण्या-मुंबईत मंडईत, फुलबाजारात मिळतं. परदेशात असाल तर आशियाई किराणा दुकानांत गोठवलेली पानं असतात. रंगानं काळपट, पण चालतात. आदल्या दिवशी आणून ओल्या फडक्यात गुंडाळा. वाढण्याआधी दोन्ही बाजूंनी पुसून, आचेवरून भरकन फिरवलं की पान मऊ पडतं आणि फाटत नाही.

पानाचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. पहिलं वाढायचं ते मीठ, वरच्या बाजूला मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, म्हणजे थोडं-थोडं तोंडी लावायचं सगळं. उजवीकडे भाज्या, म्हणजे जास्त खायचं ते. भाताची मूद मध्ये, खालच्या बाजूला, त्यावर वरण आणि तूप. घराघरात थोडा फरक असतो आणि त्यावरून वाद घालणारे एखादे काका पंगतीत असतातच. त्यांचं ऐका, ते सहसा स्वतःच्या घरचं बरोबर सांगत असतात. पातळ पदार्थांना द्रोण हवेतच, विशेषतः टेबलावर, नाहीतर आमटी थेट मांडीवर येते.

पाण्याचं भांडं आणि पेला डावीकडे ठेवा. हॉटेलात पेला उजव्या हाताला असतो, पण तिथे हातात काटा असतो. आपला उजवा हात उष्टा.

जमिनीवर पाट मांडलेत तर प्रत्येकाला किमान दोन फूट जागा द्या. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांसाठी टेबल बरं, आणि त्यात कमीपणा काही नाही. पानाभोवती रांगोळी घालायची हौस असेल तर तांदळाच्या पिठीची घाला. बाजारची रांगोळी दगडाची भुकटी असते, ती अन्नाशेजारी नको. प्लास्टिकची चिकटवायची रांगोळी तर कुठेच नको.

फुलांशी आलात की पुन्हा आपला नियम आठवा. झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. देवळाच्या आवारातला देवचाफासुद्धा अमेरिकेतून आलेला. दसऱ्याच्या तोरणातून झेंडू काढायला सांगितला तर घरात भांडण होईल, पण या एका संध्याकाळी मोगरा, जाई, सोनचाफा, जास्वंद, कमळ यांवर भागवा. तोरण नुसत्या आंब्याच्या पानांचं. मांडून झाल्यावर एक पाऊल मागे होऊन बघा: पांढरा भात, पिवळं वरण, हिरवं पान, करडं भरीत. लाल कुठेच नाही. मिरची आणि टोमॅटो गेले की आपल्या जेवणातला लाल रंगच जातो. एखादी जास्वंद किंवा कोशिंबिरीवर डाळिंबाचे दाणे, तेवढाच लाल.

भांड्यांबद्दल एकच: पितळेची आणि तांब्याची भांडी मांडा, पण आंबट काही त्यात ठेवणार असाल तर आत कल्हई हवी. कोकम, लिंबू, ताक कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवायचं नाही. तांब्याच्या मगांचे फोटो कितीही छान येवोत.

पंच

मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं आणि पाठोपाठ खानावळी-दारूगुत्तेही आले. १६९४ साली मुंबई सरकारच्या हुकूमवहीत एक नोंद झाली. खानावळीत पंच प्यायला येणाऱ्या कोणालाही एक क्वार्ट चांगली गोव्याची ‘अरक’, अर्धा रत्तल साखर आणि अर्धा पिंट लिंबाचं पाणी मागून आपला पंच आपण बनवता येईल, अशी. पुढचं कलम जास्त झकास: वाडग्यावर बाजार-कारकुनाचा शिक्का नसेल तर गिऱ्हाइकानं तो खुशाल फोडावा, आणि वाडग्याचे किंवा पंचाचे पैसेही देऊ नयेत. मापात पाप करणाऱ्यांचा इतका रोखठोक बंदोबस्त आज कुठे दिसत नाही.

कृती तयारच आहे. गोव्याची अरक म्हणजे तेव्हा माडाची दारू, म्हणून आज तिच्या सगळ्यात जवळची नारळाची फेणी घ्या. हुकुमातल्या मापाचा चौथा हिस्सा सहा जणांना पुरतो: फेणी २४० मिली, साखर ५५ ग्रॅम, लिंबाचा रस ६० मिली. काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यात साखर आधी लिंबाच्या रसात विरघळवा, कारण दारूत ती लवकर विरघळत नाही. मग फेणी, मग ३०० मिली गार पाणी. पाणी मी वाढवलंय, हुकुमात नाही. वर जायफळ किसा. बर्फाचे लहान तुकडे लगेच वितळून पंच पाणचट करतात, म्हणून आदल्या रात्री वाटीत पाणी गोठवून एकच मोठा गोळा तयार ठेवा. दारू न पिणाऱ्यांसाठी दुसरा वाडगा: तेच लिंबू, साखर, जायफळ, फेणीऐवजी शहाळ्याचं पाणी आणि आल्याचा रस. पेले मात्र दोन्हींसाठी सारखेच, म्हणजे कोण काय पितंय याची चौकशी होत नाही.

बघा, या पंचात अमेरिकेतलं काही नाही. माड, ऊस, लिंबू, जायफळ, सगळं पूर्वेकडचं. म्हणून तो पानाबरोबर चालतो.

कायद्याचं थोडक्यात: महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षं, शिवाय पिण्याचा परवाना लागतो. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. गोव्यातून फेणीची बाटली परवान्याशिवाय सामानात घालून आणता येत नाही. हे जमणार नसेल तर दुसरा वाडगा करा, पंगत अडत नाही.

संध्याकाळ कशी चालवायची

पाहुण्यांना नियम आधी सांगू नका. पंच आणि वडे हातात द्या, मग पानावर बसवा, आणि एवढंच विचारा: "आज काय नाही, ओळखा." पहिला अंदाज हमखास कांदा-लसूण येतो. दुसरा टोमॅटो. मिरचीचं नाव यायला वेळ लागतो, कारण नाकाला आणि घशाला तिखट लागत असतं. भाषण द्यायचं असेल तर ते इथे, दोन मिनिटांचं, आणि तेही कोणी विचारलं तर. लहान मुलं असतील तर मिरी, पिंपळी, मोहरी वाट्यांत घालून त्यांच्यासमोर ठेवा. पिंपळी कोणीतरी चावतंच, जवळ ताक असू द्या.

श्रीखंड झालं, हात धुतले, की शेवटचा पेला आणा. उंच ग्लासात बर्फ, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, ६० मिली उर्राक, वर लिंबू-सोडा, आणि उभी चिरलेली एक हिरवी मिरची. गोव्यात उन्हाळ्यात उर्राक असाच पितात. काजूच्या बोंडाचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. पुन्हा गाळला की फेणी, ४२ टक्क्यांच्या आसपास. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राक काजूच्या हंगामातच मिळतो, मार्च ते मे. एरवी ३० मिली काजू फेणी घ्या, जास्त नको, तिचा वास नवख्याला एकदम झेपत नाही. न पिणाऱ्यांना तोच ग्लास, फक्त उर्राकाच्या जागी दोन चमचे कोकम आगळ. आगळ खारट असतं, तेव्हा मीठ वगळा.

काजू ब्राझीलचा, मिरची मेक्सिकोकडची. अख्ख्या जेवणात जे नव्हतं ते सगळं या एका ग्लासात येतं, आणि पहिल्याच घोटाला जिभेच्या टोकावर मिरची लागते. इथे सगळे एकदम बोलायला लागतात.

उरलेला पंच झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. फेसलेली मोहरी मात्र राहत नाही, ती संपवा. पानं खताच्या डब्यात टाका. आणि पुढच्या खेपेसाठी प्रश्न हवा असेल तर सतराव्या शतकात तंजावरच्या मराठ्यांच्या आश्रयानं रघुनाथ सूरींनी लिहिलेलं ‘भोजनकुतूहल’ बघा. त्यात जिलबी आहे. संभाजीराजांवरून सांबार हे नाव पडल्याची तंजावरची गोष्टही सोबत कोणीतरी सांगेलच. तिला कागदोपत्री पुरावा नाही, पण पंगतीत सांगायला हरकत नाही.